उपडा वाडगा

१

कॉरीब्रेच्या सराईत दुपारचे जेवण एक वाजता, म्हणजे एकच वाजता. बाराच्या सुमारास स्वयंपाकीण डोलीना सुपाच्या पातेल्याखाली पीटची, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीची, दोन ढेकळे सरकवी, साडेबाराला ओटच्या भाकऱ्या तव्यावरून उतरत आणि पाऊण वाजता टॉर्मोड जेवणघरात येऊन वाडगे मांडू लागे.

त्या मांडणीत एक रीत होती. सकाळी खिंडीकडे पायी निघालेला माणूस दाराशी थांबून “माझं जेवण ठेवा” असे म्हणाला, की आतून कुणीतरी “ठेवलं” म्हणायचे आणि टेबलावर त्याच्या जागी वाडगा उपडा ठेवायचा. माणूस परत आला की त्याने स्वतःच्या हाताने तो सुलटा करायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गुरांचे कळप खिंडीतून दक्षिणेच्या बाजारांना चालत जात, तेव्हापासूनची ही रीत. आता गुरे ट्रकमधून जातात. पण डोंगर चढायला माणसे येतात, त्यामुळे रीत टिकून राहिली.

रोना मॅकास्किल याच घरात वाढली होती. पुढे सराया आणि हॉटेले चालवण्याचे शिक्षण घ्यायला ती स्वित्झर्लंडला गेली आणि सहा वर्षे तिकडेच राहिली. सप्टेंबरात एफी आत्या जिन्यावरून पडली, कमरेचे हाड मोडून रुग्णालयात पडली, तेव्हा हाती आलेली नोकरी सोडून रोना परत आली. आत्यासाठी आली हे खरे, पण तेवढ्यासाठीच नाही. दरीतली शाळा बंद झाली होती, टपालघर बंद झाले होते, चर्चला कुलूप होते. संध्याकाळी दिवा दिसावा असे एकच घर उरले होते. हे घर जगले तर दरी जगेल, असे रोनाला मनापासून वाटे, आणि हे ती कुणालाही, अगदी दूधवाल्यालाही, डोळे चमकवून सांगे.

फक्त एक गोष्ट तिच्या डोळ्यांत सलत होती. जेवणघरातले सगळ्यात सुंदर टेबल, खिडकीजवळचे, चार खुर्च्यांचे, कायम रिकामे असे. तिथून लाकडी पूल दिसे आणि पुलापलीकडे खिंडीत चढत गेलेली पायवाट. त्या टेबलावर तपकिरी रंगाचा, काठाला टवका उडालेला एक वाडगा उपडा असे. उन्हाळा असो की बर्फ, तो तिथे असायचाच. लहानपणी तिने एकदा विचारले होते, तेव्हा आत्या म्हणाली होती, “राखीव आहे.” आणि त्या आवाजापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

२

“टॉर्मोड काका, खिडकीतलं टेबल आजपासून पाहुण्यांना द्यायचं.”

टॉर्मोड पेले पुसत होता. त्रेसष्ट वर्षांचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो सराईत राबत होता आणि त्याला नोकर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

“राखीव आहे,” तो म्हणाला.

“कुणासाठी?”

“एफीला विचार.”

“आत्याला काही विचारून त्रास द्यायचा नाही, हे तुम्हीच सांगितलंत.”

“मग नको विचारूस. टेबल काय पळून जातंय?”

स्वयंपाकघरातून डोलीना ओरडली, “अगं, त्याच्याशी कसला वाद घालतेस! लग्न करावं की नाही याचा तीस वर्षं विचार करतोय तो. टेबलाचं काय एका दिवसात ठरवणार?”

“तुझं सूप करपतंय, डोलीना.”

“माझं सूप तुझ्या जन्मात करपलं नाही. आणि करपलंच तरी तू दोनदा मागून घेशील!”

टॉर्मोडने यावर हसायला हवे होते. एरवी तो हसे. आज त्याने पेला फळीवर ठेवला आणि फडके झटकून तो बाहेर निघून गेला.

रोना डोलीनाकडे पाहत राहिली. “काय झालं यांना?”

“माझं चुकलं,” डोलीना हळू आवाजात म्हणाली. “दोनदा मागून घेण्याचं बोलायला नको होतं.” आणि तिने पातेल्यात डोके घातले.

३

मंगळवारी टॉर्मोड डिझेल आणायला तीस मैलांवरच्या गावी गेला होता. सकाळी अकराला चालणाऱ्यांची एक आख्खी तुकडी येऊन बसली आणि साडेबाराला पेझ्ली गावाहून पेटिग्रू नावाचे एक वृद्ध जोडपे आले. दोघेही निवृत्त शिक्षक. श्रीमती पेटिग्रूंचे गुडघे धरले होते. टेबले सगळी भरलेली. फक्त खिडकीजवळचे मोकळे.

दारात आलेल्या, दमलेल्या माणसाला रिकामी खुर्ची दाखवायची आणि बसू द्यायचे नाही, ही कसली सराई? रोनाने पुढे होऊन तो वाडगा उचलला.

वाडग्याखालचे लाकूड ओले होते.

नुसते ओले नव्हते. एक गोल, वाफेने धरतो तसा दमट डाग होता, आणि तो कोमट होता. तिने बोट लावून पाहिले. मग वाडग्याच्या आतून हात फिरवला. तोही कोमट. मटण-बार्लीच्या सुपाचा वास तिच्या नाकाशी आला. पण तो वास तर साऱ्या घरात भरलेला होता.

खिडकीतून ऊन येते, तिने मनाशी म्हटले. उपड्या भांड्याखाली दमट हवा कोंडते. शिवाय भिंतीतून गरम पाण्याचा नळ गेलेला असणार. नळ पलीकडच्या भिंतीत आहे, आणि आज ऊन नाही, हे तिला त्याच क्षणी आठवले. पण पाहुणे उभे होते. तिने डाग पुसला, वाडगा फडताळात ठेवला आणि म्हणाली, “या, बसा. हे टेबल एरवी कुणाला देत नाही.”

४

एक वाजला. तिने स्वतःच्या हाताने पेटिग्रूंना सूप वाढले.

“ही जागा म्हणजे भाग्यच म्हणायचं,” श्रीमती पेटिग्रू म्हणाल्या. “आणि तुम्ही ही इतरांना देत नव्हता?”

“आजपासून देतोय,” रोना म्हणाली. तिला खरेच आनंद झाला होता.

“तो बिचारा मात्र थांबलाय बघा,” म्हाताऱ्या बाई चमच्याने खिडकीबाहेर दाखवत म्हणाल्या.

पुलाच्या अलीकडच्या टोकाशी एक माणूस उभा होता. तरुण असावा. जाड लोकरीचा, जुन्या चालीचा कोट, पाठीवर कॅनव्हासची पिशवी. तो नखशिखांत भिजलेला होता. केसांतून, बाह्यांतून पाणी ओघळताना इथून दिसत होते. त्या दिवशी दरीत पावसाचा थेंबही पडला नव्हता.

तो सराईकडे पाहत नव्हता. या खिडकीकडे पाहत होता. तिच्या आतल्या टेबलाकडे, टेबलावर वाकून जेवणाऱ्या दोघांकडे. त्याचा चेहरा नीट कळत नव्हता. मान किंचित पुढे आलेली, जसे आपण वर्गात उशिरा आलो आणि आपल्या बाकावर दुसरेच कुणी बसलेले दिसले, की थबकतो, तसा तो थबकला होता.

मग तो वळला आणि आल्या वाटेने परत निघाला.

“अरेरे,” श्रीमती पेटिग्रू म्हणाल्या. “त्याला वाटलं असेल, जागा नाही.”

रोना धावत बाहेर गेली. पुलावरून खिंडीची वाट अर्धा मैल सरळ वर गेली होती, एक झुडूपही आड नव्हते. वाटेवर कुणी नव्हते. पुलाच्या फळ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

५

टॉर्मोड चार वाजता परतला. जेवणघरात शिरला आणि दारातच थांबला. पाहुणे गेले होते. खिडकीतले टेबल पुसून लख्ख केलेले होते, वर फुलदाणी ठेवली होती.

तो ओरडला असता तर रोनाला बरे वाटले असते. तिच्याकडे उत्तर तयार होते. तो हळूच खुर्चीत बसला.

“कोण बसलं होतं?”

तिने सांगितले.

“आणि बाहेर कुणी आलं होतं?”

मग तेही सांगितले.

“आत पाहिलं त्यानं?”

“हो.”

“आणि परत फिरला.”

“हो. काका, कोण आहे तो?”

टॉर्मोडने दोन्ही हात टेबलावर पसरले, जणू लाकडाची ऊब शोधत होता. “रानाल्ड. तुझ्या बापाचा थोरला भाऊ. एफीच्या पाठचा. तुला कुणी सांगितलं नसेल. तुझा बाप तर नावही काढू द्यायचा नाही. एक्केचाळीस वर्षं झाली. आम्ही दोघं एका मेंढीच्या शोधात वर गेलो होतो. ढग उतरला, पाऊस सुरू झाला. रानाल्ड म्हणाला, ‘तू हो खाली. मी पलीकडची घळ तेवढी बघून येतो. एफीला सांग, माझं जेवण ठेव म्हणावं.’ मी येऊन सांगितलं. एफी म्हणाली, ‘ठेवलं,’ आणि या इथं वाडगा उपडा घातला. मी माझा सुलटा केला, जेवलो. भूक लागली होती. दोनदा मागून घेतलं.”

त्याने हात उचलून गुडघ्यांवर ठेवले.

“तो मिळाला नाही. पण वाडगा गरम राहिला, रोना. दुसऱ्या दिवशीही, पुढच्या वर्षीही. रोज एफी त्यावर हात ठेवायची. मग मी ठेवायचो. गरम आहे म्हणजे येतोय. उशीर होतोय एवढंच.”

“काका, लाकडाला ओल धरते. उपड्या भांड्याखाली...”

“असेल,” टॉर्मोड म्हणाला. “तसंही असेल.”

त्याने फडताळातून टवका उडालेला वाडगा काढला, फुलदाणी बाजूला केली आणि तो त्याच जागी उपडा ठेवला. वर तळहात ठेवून बसला. रोना समोर बसली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटी त्याने हात काढला.

“गार आहे,” तो म्हणाला.

६

सकाळी नऊ वाजता तो काठी घेऊन दाराशी उभा होता.

“जाऊन सांगतो त्याला,” तो म्हणाला, “की जागा आहे.”

“काका, हवामानाचा अंदाज वाईट आहे. अकरापर्यंत ढग खाली येईल. तुमचं वय काय, गुडघे काय! मी बचाव पथकाला फोन करते, ते वर जाऊन बघतील.”

“काय सांगशील? सूप गार होतंय म्हणून?”

डोलीना पुढे आली. तिने फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या त्याच्या खिशात कोंबल्या. “वेळेवर ये, म्हाताऱ्या. तुझ्यासाठी मी सूप दुसऱ्यांदा तापवायची नाही.”

“तीस वर्षं तेच ऐकतोय. म्हणून तर लग्न केलं नाही.”

“मी हो म्हटलं असतं असं कुणी सांगितलं तुला?” डोलीना म्हणाली. आणि ती पाठ फिरवून आत गेली.

टॉर्मोड रोनाकडे वळला. टोपी सारखी केली.

“माझं जेवण ठेव.”

हे शब्द तिने लहानपणापासून शेकडो जणांच्या तोंडून ऐकले होते. आता मात्र तिच्या लक्षात आले, की उत्तर दिले नाही तर हा माणूस कदाचित जाणार नाही. आणि लगेच हेही लक्षात आले, की उत्तर दिले नाही तरी तो जाईल, फक्त त्याच्यासाठी मागे काही ठेवलेले नसेल.

“ठेवलं,” ती म्हणाली.

“आल्यापासून आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललीस,” टॉर्मोड म्हणाला आणि पूल ओलांडून गेला.

७

त्या दिवशी सराईत एकही पाहुणा नव्हता. रोनाने खिडकीतल्या टेबलावर टॉर्मोडचा निळ्या काठाचा वाडगा दुसऱ्या वाडग्याशेजारी उपडा ठेवला. अकराला ढग उतरला. आधी खिंड गेली, मग वाट, मग पुलाचे पलीकडचे टोक.

दर दहा मिनिटांनी ती येऊन दोन्ही वाडग्यांवर हात ठेवी. गार. शिकलेली मुलगी, काय करतेस हे, असे मनात येई आणि तरी हात जाई. बारा. सव्वाबारा. गार.

साडेबाराला टॉर्मोडचा वाडगा कोमट लागला. आपलाच हात गरम असेल म्हणून तिने हात गार पाण्यात बुडवून आणला. वाडगा गरमच होता. मग तिने दुसऱ्यावर हात ठेवला. टवक्याच्या कडेपासून खाली, हळूहळू, त्यातही ऊब भरत होती.

“डोलीना!” तिने हाक मारली. “भाकऱ्या काढा! येतायत!”

भिंतीवरच्या घड्याळात एकाचा ठोका पडला. पुलाच्या पलीकडच्या टोकाशी ढग जरा फाटला आणि दोन माणसे दिसली. पुढे टॉर्मोड, काठी टेकत. त्याच्या मागे एक पाऊल, ओला कोट घातलेला तो दुसरा, टॉर्मोडच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता, आंधळा चालतो तसा. डोलीना पळी घेऊन रोनाशेजारी येऊन उभी राहिली.

“दोघंही आहेत,” ती पुटपुटली. “देवा, दोघंही आहेत. वाढू का?”

दोघे चालत होते. पाऊल उचलत होते, टेकवत होते. टॉर्मोडची काठी पुढे पडे, मग पाय. पूल चाळीस पावलांचा. रोना मोजू लागली. चाळीस झाली, साठ झाली. ते पुलाच्या मध्यावरच होते. धुक्यात अंतर कळत नाही, तिने स्वतःला सांगितले, धुक्यात माणूस उभा असला तरी चालल्यासारखा दिसतो. शंभर. एकशे वीस. टॉर्मोडने मान वर केली, खिडकीकडे पाहिले, आणि त्याची चाल मंदावली.

रोना दार उघडून बाहेर धावली. “काका! या ना! जागा आहे!”

ती पुलावर पोचली तेव्हा पुलावर कुणी नव्हते. ढगात हात घातल्यासारखे होते सगळे. हाका मारत ती मध्यापर्यंत गेली. जिथे टॉर्मोडची मान वर झाली होती, नेमकी त्या जागी ती थांबली आणि काय पाहून तो थबकला ते पाहायला मागे वळली.

तिथून खिडकी स्वच्छ दिसत होती. खिडकीतल्या टेबलाशी माणसे बसली होती. एक म्हातारा, एक म्हातारी. कालच्याच जागी, कालच्याच कपड्यांत, वाडग्यांवर वाकून. म्हातारीचा चमचा ओठांपाशी होता. तो हलत नव्हता.

ती घराकडे पळाली. आत टेबल रिकामे होते. दोन उपडे वाडगे. शेजारी उभी डोलीना, तोंडावर हात दाबून.

दोन्ही वाडगे गरम होते.

८

बचाव पथकाने चार दिवस डोंगर पिंजून काढला. खिंडीच्या माथ्यावर बर्फाचा एक पट्टा होता. त्यावर दोन माणसांच्या पावलांचे ठसे शेजारी शेजारी खाली, सराईच्या दिशेने गेलेले मिळाले. बर्फ संपला तिथे ठसेही संपले. पथकाच्या प्रमुखाने दोन-दोनदा विचारले, म्हातारा एकटाच गेला होता ना?

रोनाने पेझ्लीला फोन करून पाहिला. पेटिग्रू जोडपे मजेत होते. “तुमच्याकडचं सूप विसरता येत नाही हो,” श्रीमती पेटिग्रू हसून म्हणाल्या. “गंमत सांगू का? घरी आल्यापासून रोज एक वाजला, की तोंडात त्याची चव येते. मी काही खात असो वा नसो.”

नोव्हेंबरात एफी आत्या चालण्याच्या चौकटीवर भार टाकत घरी आली. कोट न काढता ती खिडकीपाशी गेली. आधी टवक्याच्या वाडग्यावर हात ठेवला, मग निळ्या काठाच्या. दुसऱ्यावर तिचा हात बराच वेळ राहिला.

“टॉर्मोड?”

“हो.” रोना पुलाकडे पाहत म्हणाली, “आत्या, मी फक्त एकदाच बसवलं होतं कुणाला. एकच दिवस. आणि ते अजून... पुलावरून पाहिलं की ते अजून तिथं बसलेले दिसतात. त्यांना कसं उठवू?”

आत्याने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर सोपे झाले असते.

“जेवायला बसलेल्याला उठवायचं नसतं, पोरी,” ती म्हणाली. “कुठल्याच सराईत. तिकडे शिकवलं नाही का?”

रोना परत गेली नाही. सराई चालू आहे. सुट्ट्यांत जेवणघर भरून जाते. कधी कुणी नवखा पाहुणा खिडकीकडे बोट करून विचारतो, ते टेबल मिळेल का? “राखीव आहे,” ती म्हणते, आणि त्या आवाजापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

रोज एकाच्या ठोक्याला ती घरातून निघते. डोलीना पातेल्याखालची आच कमी करून दाराकडे पाहत थांबते. ऊन असो वा बर्फ, रोना पुलाच्या मध्यापर्यंत जाते, ठराविक फळीवर उभी राहते आणि वळून पाहते. म्हाताऱ्याने भाकरीचा तुकडा मोडला आहे. तो मोडायला त्याला सारा हिवाळा लागला. म्हातारीचा चमचा वसंतात वाडग्यात उतरला, आणि आता जूनमध्ये पुन्हा ओठांकडे निघाला आहे.

वाडग्यात अजून किती आहे, ते पुलावरून दिसत नाही. आणि त्या दिवशी तिने स्वतःच वाढले होते, काठोकाठ.